पेशी वाढल्या की हाड वाढलं? चिनी वनौषधी तपासायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

एमटीटी, म्हणजे जिवंत पेशींमुळे जांभळं होणारं रंगद्रव्य. त्याची प्लेट जांभळी झाली की नवं मूल धावत येतं. "मॅडम, सेल्स वाढल्या! कंट्रोलपेक्षा जास्त आहेत." (कंट्रोल म्हणजे औषध न दिलेल्या पेशी.) चेहऱ्यावरचा आनंद बघून लगेच काही बोलवत नाही. पण पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: वाढल्या म्हणजे नेमकं काय झालं? संख्या वाढली, की त्या हाड बनवायला लागल्या?

मराठीत दोन्हीला आपण 'वाढ'च म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. हाड बनवणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, आधी दुभागून आपली संख्या वाढवते. मग दुभागणं मंदावतं, ती कोलॅजनचं जाळं विणते, अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे एएलपी हे एन्झाइम भरपूर तयार करते आणि शेवटी त्या जाळ्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. म्हणजे हाड बनवण्याच्या कामाला लागलेली पेशी बऱ्याचदा संख्येने वाढायची थांबत आलेली असते. एखाद्या अर्काने संख्या किंचित कमी झाली तरी तो हाडासाठी चांगला असू शकतो. उलट, संख्या भराभर वाढवणारा अर्क पेशींना पक्व होण्यापासून अडवत असेल, हेही शक्य आहे. पुढची सगळी खटपट हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्यासाठी आहे.

एम.एस्सी.च्या डिझर्टेशनला, एम.फार्म.ला किंवा आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रबंधाला हा विषय घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण म्हणून मी सतत आयकॅरिन हा रेणू घेईन, कारण त्यावर पुष्कळ काम झालंय. हीच पद्धत उद्या आपल्या हाडजोडीसाठी, म्हणजे कांडवेलीसाठीही तशीच वापरता येते.

पायरी १: वनस्पती का निवडली, ते आधी स्वतःला सांगा

चिनी वैद्यकात एक जुनं सूत्र आहे: मूत्रपिंड हाडांवर राज्य करतं. हे 'मूत्रपिंड' म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे. वाढ, प्रजनन आणि म्हातारपण यांना धरून असलेली ती एक संकल्पना आहे. आपल्याकडे अस्थिधातू आणि वात यांचं नातं सांगतात, ते जसं आजच्या शरीररचनेत एकास एक बसत नाही तसंच हे. पण या सूत्रामुळे एक गोष्ट सोपी होते: हाडांवर तपासल्या गेलेल्या बहुतेक चिनी वनस्पती 'मूत्रपिंडाला बळ देणाऱ्या' गटातल्याच का, ते कळतं.

यिन-यांग-हुओ ही त्यातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली. एपिमेडियम वंशाच्या झाडाची पानं, मुख्य घटक आयकॅरिन. गू-सुई-बू या नावाचा अर्थच 'मोडलेलं हाड सांधणारं'. हा ड्रायनेरिया या नेच्याचा कंद, त्यात नारिंजिन. पपनसाच्या सालीला आणि पापुद्र्याला जो कडूपणा असतो तो याच नारिंजिनचा. दू-झोंग ही झाडाची साल, श्यू-दुआन हे मूळ, दान-शेन हेही मूळ. आणि बू-गू-झी म्हणजे आपली बावची! बाकुची या संस्कृत नावाचाच तो चिनी उच्चार असावा, असं मानलं जातं. कोडाच्या डागांवर आपल्याकडे वापरतात तीच ही बी, तिकडे ती हाडांसाठीही देतात.

गू-सुई-बूचं एक भावंड सह्याद्रीत आहे. पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर, कातळांवर वाढणारं, तपकिरी कोरड्या पानांची ओंजळ धरून बसलेलं बाशिंग. पण भावंड आहे म्हणून घटक तेच आणि तेवढेच असतील, असं धरून चालू नका. बाशिंगावर काम करायचं असेल तर तो स्वतंत्र विषय आहे, आणि माझ्या मते फार सुंदर विषय आहे.

पायरी २: ओळख पटल्याशिवाय एक ग्रॅमही दळू नका

मुलांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. म्हणून बेल्जियमची गोष्ट सांगते. तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये हान-फांग-जी या वनस्पतीच्या जागी ग्वांग-फांग-जी ही दुसरीच वनस्पती गेली. नावं जवळची, झाडं वेगळी. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्या गोळ्या घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागल्याचं १९९३ मध्ये जगासमोर आलं. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. एका चुकीच्या नावाची ही किंमत.

त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञाकडून लेखी ओळख घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, क्रमांकासह जमा करा. सोबत स्वतःच्या डोळ्यांनीही बघायला शिका. दू-झोंगची साल हातात घ्या आणि हळूच मोडा. दोन तुकडे वेगळे होताना मध्ये रेशमासारखे चंदेरी तंतू ताणले जातात. हे झाडातलं नैसर्गिक रबर. तंतू दिसलेच नाहीत तर सालीवर शंका घ्या. पण आधी एक विचारा: ती भाजलेली आहे का? मिठाच्या पाण्यात भिजवून भाजलेल्या सालीत हे तंतू सहज तुटतात.

ही 'भाजलेली की कच्ची' भानगड महत्त्वाची आहे. चिनी औषधकोशात यिन-यांग-हुओच्या पानांवर मेंढीच्या चरबीत परतण्याचा संस्कार सांगितलाय. प्रमाण १०० किलो पानांना २० किलो चरबी. गू-सुई-बू तापलेल्या वाळूत भाजून त्यावरची लव काढतात. आयुर्वेदातलं शोधन-संस्कार माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. उष्णतेने घटक बदलतात, त्यामुळे आपल्या पुडीतला माल कच्चा आहे की संस्कारित, हे वहीत पहिल्याच ओळीत हवं.

पायरी ३: अर्क घ्यायचा की शुद्ध रेणू?

पहिल्या प्रयोगाला शुद्ध रेणू घ्या, असं मी सांगते. अर्कात शेकडो घटक असतात. परिणाम दिसला तर तो कोणामुळे, हे सांगता येत नाही, आणि दिसला नाही तर दोन घटकांनी एकमेकांना मारलं का, हेही कळत नाही. शुद्ध रेणूवर हात बसला की मग अर्काकडे या, कारण माणूस काढाच पितो, हेही खरंच आहे. अर्क घेतलात तर एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, त्यातलं आयकॅरिन मोजून घ्या, २७० नॅनोमीटरवर ते छान दिसतं. 'अमुक मायक्रोग्रॅम अर्क दिला' या वाक्याला त्या मोजमापाशिवाय फारसा अर्थ उरत नाही.

आता हिशेब. आयकॅरिनचा रेणुभार सुमारे ६७६.७. म्हणजे ६.७७ मिलिग्रॅम आयकॅरिन डीएमएसओ या द्रावकाच्या १ मिलिलिटरमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे मूळ द्रावण, झाला. हाच स्टॉक डीएमएसओमध्येच दहापट पातळ करत १ आणि ०.१ मिलिमोलरचे स्टॉक करा. मग प्रत्येकातला १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणात, टाकला की १०, १ आणि ०.१ मायक्रोमोलर मिळतात आणि डीएमएसओ सगळीकडे सारखाच, ०.१ टक्का राहतो. एकाच स्टॉकमधून १०, १ आणि ०.१ मायक्रोलिटर घेण्याचा शॉर्टकट करू नका. तसं केलं तर डीएमएसओ प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, वेगळा पडतो आणि मग फरक औषधाचा की डीएमएसओचा, हे कोणीच सांगू शकत नाही. स्टॉकचे छोटे छोटे भाग करून उणे २० ला ठेवा.

पायरी ४: पेशी कुठल्या?

सुरुवातीला एमसी३टी३-ई१. नवजात उंदराच्या कवटीच्या हाडातून जपानमध्ये काढलेली ही पेशींची वंशावळ, तिचा शोधनिबंध १९८३ चा. ती स्वतः कोलॅजन विणते आणि खनिजही बसवते. मात्र तिचे उपप्रकार आहेत. सबक्लोन ४ छान खनिज बसवतो, २४ आणि ३० जवळपास बसवतच नाहीत. शेजारच्या लॅबमधून 'एमसी३टी३ आहे' एवढंच सांगून मिळालेली कुपी वापरून महिनाभर अलिझरीनच्या (बसलेलं कॅल्शियम दाखवणाऱ्या) लाल रंगाची वाट बघणारी मुलं मी पाहिली आहेत. आपल्याकडे पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार आहे, तिथून देशभरच्या संशोधकांना पेशी मिळतात. मागणी करताना हवी ती वंशावळ आणि उपप्रकार आहे का, ते आधी विचारून घ्या. पेशी आल्या की पहिलं काम मायकोप्लाझ्मा या लपून वाढणाऱ्या जिवाणूंची तपासणी, आणि दुसरं, सुरुवातीच्या पॅसेजच्या (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीच्या) भरपूर कुप्या गोठवून ठेवणं. पॅसेज २० च्या पुढे गेलेल्या पेशींवर खनिज बसण्याचा प्रयोग करू नका.

एमजी-६३ आणि साओस-२ या मानवी वंशावळी सहज मिळतात, पण त्या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या आहेत. त्यांच्यात 'संख्या वाढली' याचा अर्थ लावणं आणखी अवघड.

पायरी ५: मीडिया, जिथे निम्मे प्रयोग बिघडतात

नेहमीच्या अल्फा-एमईएममध्ये आधीच ॲस्कॉर्बिक आम्ल असतं. कोलॅजन नीट विणायला पेशीला ते लागतंच. क जीवनसत्त्वाशिवाय स्कर्व्हीत हिरड्या का सुटतात, त्याचं कारण हेच. पण त्यामुळे नुसत्या पेशी वाढवत असतानाही त्या पक्व व्हायला लागतात. म्हणून रोज पेशी सांभाळताना ॲस्कॉर्बिक आम्ल नसलेला अल्फा-एमईएम मागवा. प्रयोगाच्या दिवशी मात्र मुद्दाम घाला: ॲस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. ॲस्कॉर्बिक आम्ल मीडियात लवकर नासतं, तेव्हा दर वेळी ताजं घाला.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मीडियाला गुलाबी रंग देणारा फिनॉल रेड स्वतःच इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करतो. मीडियात घालतात त्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, तर खरी हार्मोन्स असतात. आयकॅरिन, नारिंजिन यांचा परिणाम इस्ट्रोजेनच्या मार्गाने होतो का, हे बघायचं असेल आणि मीडियात आधीच इस्ट्रोजेनी वातावरण असेल, तर फरक दिसणार कसा? अशा प्रयोगाला फिनॉल रेड नसलेला मीडिया आणि कोळशाने गाळलेलं सीरम घ्या. त्यात पेशी जरा मलूल होतात, त्यांना एक-दोन दिवस सरावू द्या.

पायरी ६: संख्या मोजा, पण रिकाम्या वेलसह

९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५,००० पेशी, एक रात्र चिकटू द्या, मग औषध. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, त्यात पेशी न लावता नुसतं पीबीएस, म्हणजे फॉस्फेट असलेलं क्षारांचं द्रावण, भरा. २४, ४८ आणि ७२ तासांनी एमटीटी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३ ते ४ तास, मग जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचन.

आता ती रिकामी वेल. माझ्या पहिल्या वर्षी गू-सुई-बूच्या पाण्यातल्या अर्काने सुरेख आलेख आला होता: मात्रा वाढेल तशी 'वाढ' जास्त. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. मग गाईडने सांगितलं, पेशी न घालता फक्त मीडिया, अर्क आणि एमटीटी घालून बघ. चार तासांनी प्लेट काढली तर वेल जांभळ्या, आणि सगळ्यात जास्त मात्रेची सगळ्यात गडद. पेशी नव्हत्याच! वनस्पतींमधली पॉलिफेनॉलं एमटीटीला थेट क्षपित करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन जांभळं करतात, त्याला जिवंत पेशीची गरज लागत नाही. तीन महिन्यांचं काम त्या एका संध्याकाळी बाजूला ठेवावं लागलं.

तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक मात्रेची एक पेशीविरहित वेल. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून टाकून पेशी पीबीएसने धुवायच्या. आणि एमटीटीवर न थांबता डीएनए मोजणं किंवा मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रायपॅन ब्लू लावून हिमोसायटोमीटर या पेशी मोजायच्या काचेवर प्रत्यक्ष मोजणं, यातलं एक तरी करायचं. डोळ्यांनी मोजलेल्या पेशींइतका विश्वासू पुरावा दुसरा नाही.

पायरी ७: एएलपी, म्हणजे पेशी कामाला लागल्या का

सातव्या आणि चौदाव्या दिवशी. पेशी फोडून त्यात पीएनपीपी घातलं की एएलपी त्यातलं फॉस्फेट तोडतं आणि पिवळा रंग येतो. सोडियम हायड्रॉक्साइडने क्रिया थांबवून ४०५ नॅनोमीटरवर वाचायचं. नवख्यांच्या हातून इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पेशी फोडायच्या बफरमध्ये ईडीटीए असतं. एएलपीला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए ते ओढून घेतं आणि एन्झाइम गपगार. ट्रिस बफर आणि ट्रायटन वापरा. सीरममध्येही एएलपी असतं, म्हणून आधी नीट धुवा, पण पीबीएसचा थेंब मागे ठेवू नका, कारण फॉस्फेट या एन्झाइमला अडवतं.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रथिनाने भागाकार न करणं. एका वेलमध्ये पेशी दुप्पट असतील तर पिवळा रंगही गडद येणारच. त्याच द्रावणात एकूण प्रथिन मोजा आणि एएलपी 'प्रति मिलिग्रॅम प्रथिन' असं लिहा. संख्या आणि काम हे दोन प्रश्न या एका भागाकाराने वेगळे होतात.

पायरी ८: अलिझरीन रेड

एकविसावा ते अठ्ठाविसावा दिवस. तीन-चार आठवडे दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलायचा आणि एकदाही घाई करायची नाही. या काळात पेशींनी विणलेला थर जाड होतो. पिपेटची धार थेट त्यावर पडली तर तो कडेने सुटतो आणि पापुद्र्यासारखा गुंडाळत मध्ये येऊन बसतो. पंचविसाव्या दिवशी असं झालं की रडू येतं. मीडिया वेलच्या भिंतीवरून सोडा, आणि सगळा न काढता निम्माच बदला.

पेशी स्थिर केल्यावर पीबीएसऐवजी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. रंगाचा पीएच ४.१ ते ४.३ च्या मध्ये आणा. जास्त-कमी झाला तर सगळंच लाल होतं किंवा काहीच होत नाही. लाल गाठी दिसल्या की फोटो काढा, मग १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइडने रंग सोडवून ५६२ नॅनोमीटरवर मोजा.

लाल दिसलं म्हणजे हाड बनलं, असं मात्र नाही. मेलेल्या पेशींच्या ढिगावरही कॅल्शियम बसतं. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं तरी नुसता साका खाली बसू शकतो. आणि दान-शेन घेतलंत तर त्याची टॅन्शिनोनं मुळातच नारिंगी-लाल आहेत. यासाठी औषध घातलेली पण अलिझरीन न लावलेली वेल, आणि पेशी नसलेली पण अलिझरीन लावलेली वेल, या दोन्ही लावून ठेवा.

पायरी ९: कसं झालं ते शोधताना

पेशीला हाड बनवण्याकडे वळवणारं रन्क्स-२ हे प्रथिन लवकर वाढतं, पक्व पेशीचं ऑस्टिओकॅल्सिन उशिरा. सगळं एकाच दिवशी मोजलंत तर काहीतरी हुकतंच. आयकॅरिनने बीएमपी-२ (हाड बनवायचा संदेश देणारं प्रथिन) आणि रन्क्स-२ वाढतात, हाड खाणाऱ्या पेशींना जागं करणारं रँकल आणि त्याला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन यांचं गुणोत्तर हाड टिकवण्याच्या बाजूने झुकतं, हे अनेक लॅबमध्ये दिसलंय. पण दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं लिहू नका. बीएमपीला नॉगिनने अडवा, इस्ट्रोजेन रिसेप्टरला फुल्व्हेस्ट्रंटने अडवा, आणि आयकॅरिनचा परिणाम नाहीसा होतो का ते बघा. तेवढ्याने वाक्याला पाया मिळतो.

हाड खाणाऱ्या पेशींची बाजू इथे थोडक्यातच. रॉ २६४.७ या उंदराच्या पेशींना रँकल ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देऊन हाड खाणाऱ्या बनवतात आणि पाचेक दिवसांत ट्रॅप या एन्झाइमच्या रंगाने तीन किंवा अधिक केंद्रकांच्या पेशी मोजतात. या पेशी जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनला फार चटकन प्रतिसाद देतात आणि वनस्पतींच्या अर्कात ते सहज असतं. अर्काची एंडोटॉक्सिन तपासणी केल्याशिवाय इकडे वळू नका.

पायरी १०: प्लेटवरून माणसाकडे जाताना सावकाश

प्लेटमध्ये आपण १० मायक्रोमोलर आयकॅरिन पेशीच्या अंगावर नेऊन ओतलं. पोटात घेतलेलं आयकॅरिन असं पोहोचत नाही. आतड्यातले जिवाणू त्यावरच्या साखरा तोडतात, त्याचं आयकॅरिसाइड-२ आणि आयकॅरिटिन होतं, आणि मूळ रेणू रक्तात फारच थोडा दिसतो. म्हणून जमेल तर आयकॅरिटिनचाही एक गट ठेवा, कारण हाडाच्या पेशीला प्रत्यक्षात तोच भेटण्याची शक्यता जास्त.

माणसांवरचं काम झालंय. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या १०० स्त्रिया होत्या, २४ महिने, दोन्ही गटांना कॅल्शियम. एका गटाला रोज ६० मिलिग्रॅम आयकॅरिन, १५ मिलिग्रॅम डेडझीन आणि ३ मिलिग्रॅम जेनिस्टीन. शेवटपर्यंत ८५ जणी टिकल्या आणि औषधाच्या गटात हाडांची घनता राखली गेली. आशादायक आहे, मीही आनंदाने वाचलं होतं. पण डेडझीन आणि जेनिस्टीन सोयाबीनमध्येही असतात, श्रेय एकट्या आयकॅरिनला देता येत नाही. आणि मोजली ती घनता. हाड मोडायचं प्रमाण कमी झालं का, हे एवढ्या छोट्या चाचणीतून कळत नाही.

विषय काय घेतलाय हे घरी कळलं की आई किंवा मावशी विचारतेच, "अगं, मग मी घेऊ का ते?" गुडघे, कंबर दुखत असते, तिचा प्रश्न अगदी खरा असतो. तिला प्लेटचा फोटो दाखवू नका. चीनमध्ये हाडांसाठी श्यानलिंग गूबाओ नावाचं औषध पुष्कळ खपतं. त्यात यिन-यांग-हुओ, श्यू-दुआन, दान-शेन आणि आपली बावचीही आहे. या औषधाने यकृताला इजा होण्याच्या धोक्याबद्दल डिसेंबर २०१६ मध्ये चीनच्याच औषध नियामकांनी इशारा दिला. तेव्हा ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल नको. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा, आणि कुठलीही वनौषधी आधीच चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगायला लावा.

पायरी ११: निकाल लिहिताना

एकाच दिवशी लावलेल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, नव्याने बनवलेल्या द्रावणांनी केलेले तीन, ते तीन. बऱ्याच मात्रा एकाच कंट्रोलशी ताडून बघताना सुट्या सुट्या टी-टेस्ट लावत बसू नका; सगळे गट एकत्र तपासणारी अनोव्हा आणि त्यानंतर प्रत्येक मात्रा कंट्रोलशी ताडणारी डनेटची चाचणी वापरा.

'आयकॅरिनमुळे हाडांच्या पेशींची वाढ होते' असं वाक्य माझ्याकडे आलं की मी ते परत पाठवते. असं लिहा: '१० मायक्रोमोलर आयकॅरिनने एमसी३टी३-ई१ सबक्लोन ४ पेशींची संख्या ७२ तासांत बदलली नाही, चौदाव्या दिवशी प्रति मिलिग्रॅम प्रथिन एएलपी कंट्रोलपेक्षा जास्त आढळली.' लांबलचक आहे, पण यातला शब्दन् शब्द तुम्ही स्वतः मोजलेला असतो. संख्या कमी झाली असेल तर तेही लिहा, लपवू नका.

आणि सगळं झाल्यावर उरलेली पानं फेकू नका. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, त्यावर हर्बेरियमचा क्रमांक, कुठून आणि कधी घेतली ती तारीख, कच्ची की चरबीत परतलेली, हे पेन्सिलने लिहा. शाई दोन पावसाळ्यांत पुसट होते. पुढच्या वर्षी येणारं मूल तुमचाच प्रयोग पुन्हा करून बघायला त्याच डब्यापाशी येणार आहे.